नट किती आवळायचा?

“ब्रेक मारला की गाडी थरथरायली रे,” दिवाळीच्या आठेक दिवस आधी दादांचा फोन. (दादा म्हणजे वडील. बीडकडे बऱ्याच घरांत वडिलांना दादाच म्हणतात. पुण्यात आल्यावर रूममेटला हे आधी समजावून सांगावं लागलं, त्याला वाटायचं मला मोठा भाऊ आहे.) मी तेव्हा हिंजवडीत कँटीनच्या रांगेत. विचारलं, स्टिअरिंग थरथरतं की ब्रेकचं पॅडल?

“दोन्ही. आन् खड्ड्यात गेली की टक् वाजतं पुढून. परवा अंबाजोगाईहून येताना मांजरसुंब्याच्या घाटात लईच वाटलं. तुझी आई म्हणली, मी आता एसटीनंच जाणार.”

मांजरसुंब्याचा घाट काही फार अवघड वगैरे नाही. बालाघाटच्या पठारावरून बीडकडे उतरणारा रस्ता, धुळे-सोलापूर हायवेचाच भाग, आणि आता चांगला चौपदरी. पण उतार तो उतारच. मागे भरलेला ट्रक असतो आणि दादांचं वय ६६.

माझ्या पोटात गोळा आला त्याचं कारण मात्र घाट नव्हता. त्या गाडीच्या पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड मे महिन्यात मी स्वतः बदलले होते. अंगणात, बनियनवर, मोठ्या थाटात.

थोडी पार्श्वभूमी. माझं शिक्षण मेकॅनिकलचं आणि नोकरी जावाची. आमच्या बॅचचे निम्मे असेच आहेत. त्यामुळे हाताला ग्रीस लागावं ही सुप्त इच्छा आत कुठेतरी असतेच. गाडी म्हणजे आमची जुनी स्विफ्ट, मी घेतलेली आणि नंतर दादांकडे गेलेली. चार व्हिडिओ पाहिले, पार्ट मागवले आणि सुट्टीत बीडला जाऊन काम उरकलं. डिस्क बदलणं खरंच सोपं आहे हो! चाक काढा, कॅलिपर सोडवा, ब्रॅकेट सोडवा, डिस्क ओढून काढा. गंजून बसली असेल तर डिस्कवरच्या दोन आट्यांच्या भोकांत आठ एमएमचे बोल्ट घालून पिळले की सुटते. नवीन बसवा आणि उलट क्रमाने सगळं परत लावा. या “उलट क्रमाने परत लावा”मध्येच सगळी गोम आहे.

दिवाळीला गेलो ते थेट बार्शी रोडला दादांच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे. जाताना ऑनलाइन मागवलेला टॉर्क पाना बॅगेत टाकला होता. (मे महिन्यात तो नव्हता. साडेतीन हजारांचा पाना कशाला, असं तेव्हा वाटलं होतं. असो.) मिस्त्रींनी पहिली चक्कर मारली, परत आले, काही बोलले नाहीत. गाडी जॅकवर चढवली, खाली घोडी लावली आणि पुढचं डावं चाक खोलायला घेतलं. नट निघेना. पोऱ्याने पान्यात पाइप घालून जोर लावला तेव्हा कर्रकन आवाज करत सुटला.

“कोणी आवळले?” मिस्त्री.

“मीच.”

“कशानं?”

कशाने म्हणजे.. गाडीतलाच चाकाचा पाना आडवा लावून त्यावर पाय देऊन उभा राहिलो होतो. आपल्याकडे सगळेच करतात. शिवाय नट सहज फिरावेत म्हणून आट्यांना इंजिन ऑइलचं बोटही लावलं होतं.

चाक निघालं. मिस्त्रींनी आत हात घातला, कॅलिपरच्या ब्रॅकेटचा खालचा बोल्ट चाचपला आणि माझ्याकडे बघितलं. तो बोल्ट त्यांनी दोन बोटांनी फिरवला. फिरला.

दादा बाहेर खुर्चीवर चहा घेत पेपर वाचत होते. मिस्त्रींनी आवाज खाली आणला. “इंजिनिअर साहेब, हा कसा काय राहिला?”

मला लख्ख आठवलं. वरचा बोल्ट पक्का केला होता, खालचा हाताने लावला होता आणि ऑफिसचा फोन आला होता. प्रॉडक्शनला काहीतरी पडलं होतं. चाळीस मिनिटं एका हातात फोन आणि एका हातात पाना. मग आईने जेवायला हाक मारली. जेवून आलो तर सगळं जागेवर लावलेलं दिसत होतं, म्हणून सरळ चाक चढवलं. पाच महिने दादा आणि आई त्या एका बोल्टच्या भरवशावर फिरत होते. खालचा पूर्ण निघून पडला असता तर ब्रॅकेट वरच्या बोल्टभोवती फिरून रिमवर आदळलं असतं. मग चाक जाम होतं नाहीतर ब्रेकचा होज फाटतो, आणि दोन्ही गोष्टी घाटात व्हायला नकोत. मी तिथेच टायरवर बसलो.

आता जरा हिशेब. मशीन डिझाइनच्या पेपरात मला हे आलं होतं, मार्कही पडले होते, डोक्यात मात्र काही उरलं नव्हतं. नट आवळतो म्हणजे आपण काय करतो? बोल्टला ताणतो. बोल्ट ही एक फार ताठ स्प्रिंग आहे. ती ताणली की आकसायला बघते आणि मधल्या वस्तू एकमेकींवर दाबून धरते. चाक बोल्टवर लटकलेलं नसतं. हब, डिस्क आणि चाक यांच्या पृष्ठभागांतलं घर्षण त्याला धरतं, आणि ते घर्षण या दाबातून येतं. पण पान्यावर आपण लावलेल्या जोरातला फारच थोडा भाग ताणात जातो. शंभरातले साधारण पन्नास नटाच्या बुडाखालच्या घर्षणात, चाळीस आट्यांच्या घर्षणात, आणि उरलेले दहा कामाचे.

माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये चाकाच्या नटाला ८५ न्यूटन-मीटर लिहिलंय. बारा एमएमचा स्टड आणि कोरडे आटे धरले तर एका नटाचा ताण साडेतीन टनांच्या आसपास येतो. भरलेल्या उसाच्या बैलगाडीपेक्षा जास्त! चार नटांचे मिळून चौदा टन, एका चाकावर. आणि मी काय केलं होतं? ७० किलो वजन, ३० सेंटिमीटरचा पाना, म्हणजे दोनशेच्या वर न्यूटन-मीटर. त्यात तेल. तेलाने घर्षण कमी होतं, म्हणजे त्या दहातले पंधरा होतात आणि तेवढ्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो, हे कुठल्याच व्हिडिओवाल्याने सांगितलं नव्हतं (किंवा मी पुढे ढकललं असेल). डावीकडचा एक स्टड खरोखरच ताणला गेला होता. हाताने नट लावायला गेलं की अर्ध्यात अडकायचा. तो बदलला.

थरथर मात्र दुसऱ्याच कारणाने होती, म्हणजे दोन कारणांनी. नवीन डिस्क बसवताना हबवरचा गंज मी साफ केला नव्हता. गंजाचं एक पापुद्र्याएवढं खपली खाली राहिली तरी डिस्क किंचित तिरकी बसते. त्यावर मी एक नट पूर्ण आवळायचा, मग शेजारचा पूर्ण, असा क्रम लावलेला. डिस्क एका बाजूने दाबली गेली. हे तिरकेपण पहिल्या दिवशी कळत नाही. चाक फिरताना पॅड दर फेऱ्याला डिस्कला एकाच जागी हलकं घासत राहतं, काही हजार किलोमीटरनंतर डिस्कची जाडी कमीजास्त होते आणि मग ब्रेक मारला की पॅडल पायाखाली थडथडतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. बऱ्याचदा ती वाकलेली नसते, असमान झिजलेली असते.

मिस्त्रींनी डिस्क काढली आणि तारेच्या ब्रशने हब चकचकीत केला. डिस्क लेथवर नेऊन हलकासा हात मारून आणल्या. (कमीत कमी जाडी किती चालते ते डिस्कवरच कोरलेलं असतं, त्याच्या खूप वर होतो.) परत बसवताना स्टडवरचं तेल पुसून काढलं. ग्रीस फक्त कॅलिपरच्या सरकत्या पिनांना, तेही ब्रेकचं. आधी चारही नट हाताने, मग समोरासमोर थोडे थोडे, मग गाडी खाली टेकवून शेवटचा पीळ. आणि ब्रॅकेटचे बोल्ट? ते मी आवळले. मिस्त्री म्हणाले, “तुम्हीच आवळा.”

टॉर्क पाना बघून गॅरेजमध्ये करमणूक झाली. मिस्त्रींना तो माहीत होता, वापरायचे मात्र फक्त हेडच्या कामाला. म्हटलं, चाकाला तुमचा हात किती पडतो ते बघू. त्यांनी नेहमीच्या पान्याने चारही नट आवळले. मी पाना कमीवर लावून, नट हलेपर्यंत दहा-दहाने वाढवत गेलो. (सुटायला थोडा जास्त जोर लागतो, त्यामुळे हे मोजमाप कच्चंच, पण अंदाज येतो.) तीन नट ९०च्या आसपास, एक १००. तीस वर्षांचा हात! पोऱ्याचे मात्र १३०च्या पुढे. तरुण रक्त आणि पान्यात पाइप.

मग कॅलिपरच्या पिनांचे छोटे बोल्ट. यांना अशा छोट्या गाड्यांत तिसाच्या आसपासच लागतं. मिस्त्रींचा हात इथे ४५ वर गेला. ते स्वतःही जरा चपापले. मग हातातला पाना बघून हसले, “मोठा पाना उचलला ना मी. छोट्याला छोटा पाना पाहिजे.” मला हे फार आवडलं. छोट्या बोल्टचा पाना आखूड आणि मोठ्याचा लांब असतो, म्हणजे आकडा पान्याच्या लांबीतच कुणीतरी घालून ठेवलाय. आपण पाइप लावतो आणि तो पुसून टाकतो.

असं सांगतात की टॉर्क पाना पहिल्यांदा बनवला तो न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातल्या कॉनराड बाहर यांनी, १९१८ मध्ये, पाइपांच्या जोडावरचे बोल्ट माणसं जास्त आवळून तोडायची म्हणून. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही त्रास माझ्यासारख्यांचाच होता :)

पण खरं सांगू का, मे महिन्यात हा पाना माझ्याकडे असता तरी खालचा बोल्ट राहिलाच असता. पाना किती ते सांगतो, केलं की नाही ते सांगत नाही. त्यावरचा इलाज मिस्त्रींकडे होता आणि फुकट होता. प्रत्येक बोल्ट पक्का झाला की ते त्यावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढतात, अर्धी बोल्टच्या डोक्यावर आणि अर्धी शेजारच्या लोखंडावर. रेघ नाही म्हणजे काम झालं नाही. आणि पुढे कधी रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला. परदेशात ट्रकच्या नटांवर पिवळे प्लास्टिकचे बाण लावतात, त्याचा उपयोगही हाच. मी रोज ऑफिसात चेकलिस्टशिवाय रिलीज करत नाही, लोकांना त्यावरून बोलतो. आणि घरच्या गाडीचं काम मात्र “आठवतंय की” या भरवशावर.

शेवटी जागेवरच पॅडल कडक लागेपर्यंत दाबून घेतलं (पिस्टन मागे ढकललेला असतो, हे विसरलात तर पहिला ब्रेक लागतच नाही). मग रिकाम्या रस्त्यावर साठच्या स्पीडवरून आठ-दहा वेळा हळूहळू ब्रेक मारत पॅड बसवले. थरथर गेली. टक् पण गेलं.

गाडी बीडलाच ठेवून मी पुण्याला आलो. पाना दादांकडे दिला. शंभरेक किलोमीटरनंतर चाकाचे नट एकदा तपासायचे, पाना ८५ वर लावायचा, कट् वाजलं की थांबायचं, आणि ठेवताना परत सगळ्यात खालच्या आकड्यावर आणायचा. जिल्हा परिषद शाळेत तेहेतीस वर्षं शिकवलेला माणूस, सगळं डायरीत लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी फोन आला. “अंबाजोगाईला जाऊन आलो. नट बघितले. पुढच्या दोन्ही चाकांना आठ वेळा कट् वाजलं.” आई गाडीनं आली का विचारलं. म्हणाले, आली. मग जरा थांबून, “आतल्या त्या खालच्या बोल्टवरची पांढरी रेघ पण बघितली, बॅटरी लावून. सरळ हाय.”

म्हणजे पेपर वाचत होते ते उगाच. मी काय बोलणार, बरं म्हणालो.

“तुझ्या आईला सांगितलं नाही,” म्हणाले, आणि फोन तिच्याकडे दिला.