दिवाळीच्या सुट्टीतलं सर्व्हरचं काम



आमच्या शाळेचे पाढे, कवितांचे ऑडिओ आणि छोट्या चाचण्या ज्या वेबसाइटवर आहेत, ती भाड्याच्या व्हीपीएसवर चालते. व्हीपीएस म्हणजे मोठ्या वाड्यातली भाड्याची खोली समजा. वाडा मालकाचा, पण खोलीची झाडलोट आणि कुलूप आपलं. माझ्या खोलीत उबुंटू १८.०४ होतं, २०१८ सालचं. त्याला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या मे २०२३ अखेर थांबल्या. हे मला माहीत होतं. पण "चालतंय ना, कशाला हात लावा" म्हणत मी दिवाळीपर्यंत ढकललं. चाचण्यांमध्ये मुलांची नावं आणि गुण साठतात, हे आठवलं की मात्र झोप उडायची.

सुट्टी लागली आणि बसलो. आधी होस्टिंगच्या पॅनेलवरून स्नॅपशॉट घेतला, म्हणजे सगळ्या डिस्कचा जसाच्या तसा फोटो. शिवाय डेटाबेसची एक प्रत पेनड्राइव्हवर. मित्रांनो, बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

१८.०४ वरून थेट २२.०४ वर उडी मारता येत नाही. आधी २०.०४ चा मुक्काम करावाच लागतो. 'डू-रिलीज-अपग्रेड' ही कमांड दिली. मध्येच संपर्क तुटला तर आत शिरायला ती १०२२ नंबरच्या पोर्टवर जादा दार उघडते, फक्त फायरवॉलमध्ये ते आपण मोकळं करायचं. मग ती विचारते, तुमची सेटिंगची फाइल ठेवू की नवी घेऊ? मी आपली ठेवली. शेवटी जुनी पॅकेजेस काढू का, असं विचारलं. मी बिनधास्त 'हो' म्हटलं.

सर्व्हर पुन्हा सुरू झाला आणि साइटवर ५०२ एरर!

तेवढ्यात फोन. चौथीतली एक मुलगी, आईबापासोबत ऊसतोडीला गेलेली. "सर, चाचणीचं पान उघडंना." बापाचा मोबाइल तिला रात्रीच, जेवणं झाल्यावर मिळतो. मी म्हटलं, "बाळा, तासाभरात बघ." म्हटलं खरं, पण मलाच खात्री नव्हती.

कारण साधं निघालं. जुन्या पॅकेजेससोबत पीएचपी ७.२ गेलं होतं, जागी ७.४ आलं होतं. आणि एनजिनएक्स मात्र अजून ७.२ च्याच दारावर टकटक करत होतं! मीच ठेवलेल्या सेटिंगमध्ये जुना पत्ता. एक आकडा बदलला, सर्व्हिस रिस्टार्ट केली, साइट उभी राहिली. घामाने शर्ट ओला.

दुसरा टप्पा दुसऱ्या दिवशी, नवा स्नॅपशॉट घेऊन. २२.०४ मध्ये पीएचपी ८.१ येतं. या वेळी पत्ता लगेच बदलला, तरी चाचणीचं पान कोरं. ते मीच कधीतरी लिहिलेलं, त्यात 'ईच' नावाचं जुनं फंक्शन. पीएचपी ८ पासून ते काढूनच टाकलंय. तिथे 'फॉरईच' घातलं. (आपलाच जुना कोड वाचताना जी लाज वाटते, ती वेगळीच.)

आदल्या रात्रीचं सांगायचं राहिलं. पावणेदहाला त्या मुलीची चाचणी येऊन पडली. वीसपैकी चौदा. सातचा पाढा परत चुकला होता.