हबशांच्या राजधानीत एक दिवस

माझा धाकटा भाऊ दारेस्सलामला एका कंपनीत हिशेब बघतो. मे महिन्याच्या सुट्टीत अम्मीला घेऊन त्याच्याकडे गेलो होतो. परतीचं स्वस्त तिकीट मिळालं ते अदिस अबाबावरून, मध्ये १४ तास थांबायचं या अटीवर. सकाळी उतरायचं, रात्री उशिरा मुंबईचं विमान. भाऊ म्हणाला, "भाईजान, एअरपोर्टवर बसून काय करणार? ई-व्हिसा काढा, शहर बघा." पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड होतंच. व्हिसा काढला.

सत्तरीच्या अम्मीला घेऊन अनोळखी शहरात भटकायचं म्हणजे जरा धाकधूक होती. विमानतळ मात्र शहरातच आहे, हे बरं. बाहेर आलो आणि अम्मीने पहिलं वाक्य उच्चारलं, "कित्ता ठंडा है रे, ये अफ्रीका है के महाबळेश्वर?" तिचं चुकलं नव्हतं. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून सुमारे २३५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वराहून हजार मीटरने वर. दहा पावलं चाललं की तिला दम लागायचा. म्हणून दिवसभरासाठी एक टॅक्सी ठरवली. ड्रायव्हर तिशीतला, इंग्रजी बऱ्यापैकी बोलणारा. गळ्यात क्रॉस होता, पण अम्मीचा बुरखा पाहून त्याने स्वतःहून सांगितलं की त्याची आई मुसलमान आहे आणि वडील ख्रिश्चन. ते वोल्लो भागातले. तिकडे अशी घरं पुष्कळ आहेत म्हणे. अम्मीने हे दोनदा विचारून खात्री करून घेतली.

शहराच्या नावाचा अर्थ 'नवं फूल'. १८८६ मध्ये सम्राट मेनेलिक आणि राणी तायतू यांनी ते वसवलं, म्हणजे शहर म्हणून ते आपल्या औरंगाबादेपेक्षा जवळपास पावणेतीनशे वर्षांनी लहान. हे मुद्दाम लिहितोय. आपण सीरतच्या पुस्तकात हबशा देशातल्या हिजरतीबद्दल वाचतो. मक्केत छळ वाढला तेव्हा मुसलमानांची पहिली तुकडी समुद्र ओलांडून इथे आली, हजरत जाफरनी नजाशीच्या दरबारात सूरह मरियम वाचली, नजाशीने त्यांना परत पाठवायला नकार दिला. हे सगळं या शहरात घडलेलं नाही. तेव्हाची राजधानी अक्सूम, इथून खूप दूर, उत्तरेला. ते कळल्यावर अम्मी जरा हिरमुसली. मग म्हणाली, "मुल्क तो वोच है ना?" मुल्क तोच होता.

भाषेच्या मास्तराला शहर बघायला सांगितलं तर तो आधी पाट्या बघतो. माझं तसंच झालं. अम्हारिक लिपी पहिल्यांदा पाहिली की सगळी अक्षरं हातपाय पसरलेल्या माणसांसारखी दिसतात. ड्रायव्हरला विचारलं, तुम्ही शाळेत अक्षरं कशी शिकलात? त्याने स्टिअरिंगवर ताल धरून म्हणून दाखवलं, "लं, लू, ली, ला, ले, ल्, लो." मी उडालोच. ही तर बाराखडी! प्रत्येक व्यंजनाची सात रूपं. आपली बाराखडी, त्यांची सातखडी म्हणा. लिहायचं डावीकडून उजवीकडे. आणि भाषा कोणत्या कुळातली? अरबीच्या. घराला अरबीत बैत, यांच्यात बेत. डोक्याला रास. ताऱ्याला अरबीत कौकब, इथे कोकब. चार म्हणजे अरात, पाच अमिस्त, सात सबात, दहा अस्सिर. अरबीतले अरबआ, खम्सा, सबआ, अशरा आठवून बघा. सकाळी मराठीची बाराखडी आणि दुपारी उर्दूचे अलिफ-बे शिकवण्यात माझी २० वर्षं गेली आहेत. दोन्ही एकाच पाटीवर नांदताना मी कधी पाहिले नव्हते. "नजाशी" हा शब्दही त्यांच्या "निगुस"वरून, म्हणजे राजा. आपण जे नाव समजतो ती पदवी आहे.

राष्ट्रीय संग्रहालय अमिस्त किलो नावाच्या भागात आहे. तिथे लूसी बघितली. १९७४ मध्ये हदार इथे सापडलेला, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या मानवपूर्वजाचा सांगाडा, त्यातला साधारण ४० टक्के भाग मिळालेला. काचेत असते ती प्रतिकृती. उंची साडेतीन फूट. इथले लोक तिला लूसी म्हणत नाहीत, "दिन्कनेश" म्हणतात, म्हणजे 'तू अद्भुत आहेस'. अम्मीला हा प्रकार फारसा रुचला नाही. "हड्डियाँ देखने कू पैसे दिये," एवढंच म्हणाली आणि बाकावर बसून राहिली. बाकी दालनं मी घाईत पाहिली.

बाहेर येताना एक गंमत झाली. ड्रायव्हर म्हणाला होता, मी सहा वाजता येतो. मी घाबरलो, सहापर्यंत इथे करू काय? पण तो बरोबर दुपारी बारा वाजता हजर. इथे दिवस सूर्योदयाला सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आपले दुपारचे बारा म्हणजे त्यांचे सहा. वर्षही आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे आणि महिने तेरा, शेवटचा पाच-सहा दिवसांचा. अम्मीने हिशेब ऐकून विचारलं, "तो इधर मेरी उमर कम हुई क्या?"

जुहरची नमाज अन्वर मशिदीत. ही मर्कातो या प्रचंड बाजाराला लागून आहे, आणि जवळच रागुएलचं चर्च. बाजाराबद्दल लिहीत नाही. हमाल, गोणी, मिरच्या, हॉर्न, सगळं आपल्याकडच्या मोंढ्यासारखंच, फक्त दहापट. वुजू करताना शेजारच्या म्हाताऱ्याने कुठून आलात विचारलं. "हिंद" म्हटल्यावर त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. नमाजेनंतर तिथेच एका मुसलमान खानावळीत जेवलो. आंबवलेल्या तेफच्या पिठाची मोठी, जाळीदार, आंबट इंजेरा. आपली आंबोळी जरा जास्त आंबली तर कशी लागेल, तशी. तिच्यावर ओतलेलं शिरो. अम्मीने पहिला घास घेतला, थांबली, दुसरा घेतला. "अगे माँ, ये तो पिठलं है!" खरोखर पिठलंच, मसाला वेगळा. दारेस्सलाममध्ये तीन आठवडे भात-मासे खाऊन कंटाळलेली माझी आई हबशांच्या राजधानीत पिठल्यावर तुटून पडली.

आता मूळ गोष्टीकडे येतो. हे सगळं प्रवासवर्णन मी तिला टाळत टाळत लिहिलंय.

जेवणानंतर ड्रायव्हरने आम्हाला एका कॉफीवालीकडे नेलं. पत्र्याच्या शेडमध्ये खाली हिरवं गवत पसरलेलं, लहान स्टुलं, निखाऱ्यांवर जबेना, म्हणजे लांब मानेची मातीची सुरई. बाई मुसलमान, पन्नाशीची, डोक्यावर पांढरी ओढणी. तिने कच्चे दाणे आमच्यासमोर भाजले, धूर आमच्याकडे वळवला, लोबान पेटवला. अम्मी जुमेरातच्या दर्ग्यातल्यासारखी डोकं झाकून बसली. इथे कॉफी एकदा देत नाहीत, तीनदा देतात. पहिल्या फेरीचं नाव अबोल, दुसरीचं तोना, तिसरीचं बरका.

"बरकत?" अम्मीने विचारलं. तोच शब्द. मी तिला सांगितलं की हुजूरना लहानपणी ज्यांनी सांभाळलं त्या उम्मे ऐमन, त्यांचं खरं नाव बरका, आणि त्याही हबशीच. अम्मीला ते माहीत होतं. मास्तरकी कुठेही सुटत नाही.

बाई माझ्याकडे बघून ड्रायव्हरला काहीतरी म्हणाली, आणि दोघं हसले. तो म्हणाला, "ती म्हणतेय, तुम्ही हबेशा दिसता. इथे कुणी तुम्हाला परका म्हणणार नाही." हबेशा म्हणजे आम्ही, इथली माणसं, असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं.

अम्मी खूश झाली. "बोल इनकू," ती म्हणाली, "घर में इसकू हबशीच बोलते."

खरं होतं ते. आम्ही चार भावंडं. तिघं अम्मीवर गेली, गोरी. मी अब्बांवर. आजीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे मला हबशी म्हणत. "हबशी कू भेजो दूध लाने." अम्मीही म्हणायची, मांडीवर घेऊन, लाडाने. ईदला माझ्यासाठी मुद्दाम गडद रंगाचं कापड घ्यायची, कारण "हबशी पे फीका रंग नहीं जचता."

ड्रायव्हरने भाषांतर केलं. बाईच्या चेहऱ्यावर कुतूहल आलं. तिने विचारलं, म्हणजे तुमच्या घराण्यातलं कुणी इथून गेलेलं का?

सरळ प्रश्न होता. आणि तसे गेलेले होतेच की लोक! मी मलिक अंबरची गोष्ट सांगितली. १५४८च्या सुमारास याच देशात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनला आलेला. अहमदनगरच्या निजामशाहीचा तो कारभारी झाला, मुघलांना त्याने वर्षानुवर्षं दमवलं, १६१०मध्ये खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद. त्याने आणलेली नहर मी सांगितली आणि फोनमधला खुलताबादच्या कबरीचा फोटो दाखवला. ड्रायव्हरने नाव कधी ऐकलं नव्हतं. त्याने फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "पण तो हबेशा नसेल. इथून जे विकले गेले, ते बहुतेक दक्षिणेकडचे, ओरोमो वगैरे. त्यांना इथे कुणी हबेशा म्हणत नव्हतं. आमच्या राजांच्या काळात ती माणसं विकली जायची. १९४२पर्यंत गुलामी होती इथे. समुद्र ओलांडल्यावर तुम्ही त्यांना हबशी केलं."

बाई अजून उत्तराची वाट बघत होती. मलिक अंबर तिने विचारलाच नव्हता. तिने माझ्या घराण्याचं विचारलं होतं.

अम्मी म्हणाली, "बोल ना इनकू, नहीं, ऐसेच बोलते."

मी म्हणालो, "रंगामुळे."

ड्रायव्हर जरा थांबला. मग बाईला काहीतरी सांगितलं. माझा शब्द एक होता, त्याचं वाक्य लांब होतं. काय सांगितलं, मला कळलं नाही. बाईने मान हलवली आणि तिसरी फेरी ओतली.

टॅक्सीत बराच वेळ कुणी बोललं नाही. पाऊस सुरू झाला होता. अम्मी काचेतून बाहेर बघत होती.

"तेरेकू बुरा लगता था क्या?"

"लगता था."

"बोला नहीं कभी."

"अब्बी बोला ना."

तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि विमानतळ येईपर्यंत काढला नाही. पुढे काही बोलली नाही. मीही नाही. कारण मला तेव्हा वेगळंच कुणी आठवत होतं.

काही वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गात मी हजरत बिलालचा धडा शिकवत होतो. "हबशी ग़ुलाम" हे शब्द आले आणि मागच्या बाकावरची मुलं एका पोराकडे बघून फिस्सकन हसली. काळासावळा, गप्प, गणितात चांगला मुलगा. मी डस्टर टेबलावर आपटलं, "खामोश!" म्हणालो आणि धडा पुढे नेला. काबागृहाच्या छतावर बिलालनी अजान दिली तो भाग मी नेहमीच छान शिकवतो. त्या दिवसापासून मुलाचं नाव हबशी पडलं. वर्गात त्याच्या नावाची आणखी दोन मुलं होती. एकदा स्टाफरूममध्ये सहकाऱ्याने विचारलं, "कोणता? तो हबशी का?" आणि मी म्हणालो, "हो, तोच."

मी म्हणालो. ज्याला ते नाव काय असतं हे त्या खोलीत सगळ्यांत जास्त ठाऊक होतं, तो.

पुढच्या जूनमध्ये त्याचे वडील शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. मी वर्गशिक्षक. कारणाच्या रकान्यात त्यांनी सांगितलं तसं "स्थलांतर" लिहिलं. काही विचारलं नाही. दोन वर्षांनी तो मला आमच्याच भागात दिसला, दुसऱ्या शाळेच्या गणवेशात. त्यांनी घर बदललंच नव्हतं. त्याने सलाम केला आणि सायकल वळवली.

विमानतळावर अम्मी खुर्चीतच झोपली. मी रात्रीपर्यंत जागा होतो.

१५ जूनला शाळा उघडली. जुन्या कपाटातून त्या वर्षीचा हजेरीपट काढला, पालकांचा फोन नंबर मिळाला. लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही. त्याची नवी शाळा मला माहीत आहे, गणवेशावरून. आता तो दहावीत असेल. शनिवारी आमची शाळा लवकर सुटते, त्यांची नंतर. गेटवर उभं राहिलं तर भेटेल. काय बोलायचं ते दोनदा लिहून काढलं, एकदा उर्दूत, एकदा मराठीत. दोन्ही फाडले.

गेल्या शनिवारी पाऊस होता. गेलो नाही.