आधी आपले शील

अमेरिकेतील जेरी फॉलवेल ज्युनिअर हे लिबर्टी या ख्रिस्ती विद्यापीठाचे प्रमुख होते. विद्यार्थ्यांना दारूबंदी, कडक नीतिनियम. २०१६ साली ते ट्रम्प यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे खाजगी वर्तन चव्हाट्यावर आले, २०२० मध्ये पद सोडावे लागले.

मुकुंदवाडीच्या घरात हे मी हसत सांगत होतो. म्हटले, "आपले पुढारी तरी काय? निवडणुकीत सकाळी विहारात पंचशील घेतात, रात्री वस्तीत बाटल्या पाठवतात."

मुलगी म्हणाली, "पप्पा, आपल्याकडे आलेली तुम्हीच घेतली ना?"

माझी मान खाली गेली. १९५६ साली बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याचीही आहे. माझ्या आईने ती जन्मभर पाळली.

पुढच्या निवडणुकीत बाटली दारातूनच परत पाठवली. मगच पुढाऱ्याला नळाच्या पाण्याचा जाब विचारला.