तांबड्या पेशीची नोंदवही

जाफराबादेत माझ्याकडे येणारे कित्येक आजोबा तपासणीआधी दोन दिवस गोड वर्ज्य करतात. उपाशीपोटीची साखर त्याने कदाचित उतरते. तांबडी रक्तपेशी मात्र फसत नाही. नातवाच्या पुस्तकातील पेशीला केंद्रक असते, परिपक्व तांबड्या पेशीला ते नसते. म्हणून ती नवे हिमोग्लोबिन घडवू शकत नाही. जुन्याला चिकटलेली साखर तिच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात तशीच राहते. एचबीएवनसी चाचणी तीच मोजते, म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी. रक्तक्षय असल्यास किंवा नुकतेच रक्त चढवले असल्यास हा आकडाही दिशाभूल करतो. घरच्यांनी ते आधी सांगावे. आजोबांवर रागावू मात्र नये. बहुधा त्यांना इन्सुलिनच्या सुईची धास्ती असते.