निफाडची थंडी आणि अडलेली जीप
जानेवारीत निफाडकडे पहाटे निघालात, तर द्राक्षबागांत जागोजाग शेकोट्या दिसतील. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा कधीकधी पाच अंशांखाली जातो. मणी तडकू नयेत म्हणून हा धूर! अशा वेळी मजूर आणायला निघावे, तर जुनी डिझेल जीप हटून बसते. इथले मुरलेले ड्रायव्हर आधी कान देतात. स्टार्टर रडतखडत फिरला, तर बॅटरी थंडीने मंदावलेली. तिच्या टोकांवरची पांढरी भुकटी घासून काढतात. झपाझप फिरूनही इंजिन धरत नसेल, तर मागे पाहावे. पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचते, पण पेटत नाही. हीटर प्लग तपासा. धूरच नाही? मग बहुधा नळीत हवा शिरली. हातपंप मारून ती काढावी.