विजेचा झोका

आमच्या उर्दू माध्यमात लोलकाला ‘रक्कास’ म्हणतात. रक्कास म्हणजे नाचणारा. त्याचे एकच आंदोलन मोजू नका. वीस मोजा आणि लागलेल्या वेळेला वीसने भागा, असे मी मुलांना दरवर्षी सांगते. घड्याळ दाबताना झालेली चूक अशी वीस ठिकाणी वाटली जाते.

मुरबाडच्या मुलांच्या लेखी वीज एक तर येते, नाही तर जाते. भिवंडी तालुक्यात पडघ्याला ती थेट चंद्रपूरहून येते, हे सांगितले की त्यांचे डोळे मोठे होतात. इतक्या दूरदूरची जनित्रे एका जाळ्यात बांधली की ती एकमेकांच्या ओढीने हळूहळू डोलू लागतात. एका झोक्याला दोन ते पाच सेकंदही लागतात. झोका विरत गेला तर चिंता नाही. वाढत गेला तर वाहिन्या आपोआप बंद पडू लागतात. 31 जुलै 2012 रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्येचे जाळे कोसळले आणि सुमारे 60 कोटी लोकांची वीज गेली. पुढे 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळेही उरलेल्या देशाशी जोडले. झोपाळा आणखी मोठा झाला.

तो मोजायचा कसा? पाच सेकंदांचा झोका दर दहा सेकंदांनी पाहिला तर तो प्रत्येक वेळी त्याच जागी सापडेल. पाहणाऱ्याला वाटेल, सारे स्थिर आहे. म्हणून आता बसवलेली फेझर मापन यंत्रे सेकंदाला 25 नोंदी घेतात. प्रत्येक नोंदीवर उपग्रहाच्या घड्याळाची वेळ असते, त्यामुळे सोलापूरचा आणि रायचूरचा आकडा त्याच क्षणाचा म्हणून शेजारी ठेवता येतो. इथे वीस झोके मोजत बसण्याची सोय नाही. तेवढ्यात शंभर सेकंद जातील आणि जाळे कदाचित उरणारही नाही. थोड्याच झोक्यांत ओळखावे लागते, हा विरतो आहे की वाढतो आहे.

हे शिकवताना मला हजेरीपट आठवतो. एक मुलगा बाजाराच्या दिवशी बापाच्या हातगाडीवर असतो. महिन्याच्या बेरजेत त्याची हजेरी चांगलीच दिसते. रोजची पाने पाहिली की कळते, आधी एक दिवस जात होता, आता पुढचाही जातो. बापाशी बोलायचे ते तेव्हाच. वार्षिक परीक्षेनंतर बोलून काय उपयोग?