घेवड्याचे दिवस

घेवड्याची फुलं गळायला लागली की लोक आधी औषध विचारतात. माझी आजी आधी महिना विचारायची.

कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात घेवडा म्हणजे वाघ्या घेवडा. दाण्यावर तांबडे पट्टे, शिजला की मऊ आणि किंचित गोडसर. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते बघायला आजी नव्हती. पाऊस लागला की पेरणी आणि श्रावणात कोवळ्या शेंगांची भाजी. बाकीच्या शेंगा वाळल्या की मळणी. पेरणीआधी ती दाणे परातीत पसरायची आणि सुरकुतलेले, डागाळलेले एकेक करून वेचून काढायची. करपा बियाण्यातून येतो, पानं चुरगळवणारा मोझॅकही येतो, हे मी फार पुढे वाचलं. आजीच्या हाताला ते ठाऊक होतं.

नोकरीनिमित्त पुण्यात आले आणि गच्चीवर घेवडा लावू लागले. हळूहळू सोसायटीतल्या बायका आपापल्या कुंड्यांच्या तक्रारी घेऊन येऊ लागल्या. “ताई, दाणा उगवतच नाही हो.” विचारलं तर बहुतेकींनी तो कडधान्यासारखा रात्रभर भिजवलेला असतो आणि वर चिंब कोकोपीटमध्ये खुपसलेला. घेवड्याचा दाणा एकदम पाणी प्यायला की आतल्या डाळिंब्या तडकतात आणि मग तो कुजतो. माती आधी ओलसर करून घ्यावी, कोरडाच दाणा इंचभर खोल टोचावा आणि कोंब दिसेपर्यंत पाण्याचा हात आवरता घ्यावा. पाचव्या-सहाव्या दिवशी माती भेगाळते, वाकलेली मान आधी वर येते आणि मागून दोन्ही डाळिंब्या ओढून काढते. त्या वेळी मदत म्हणून बोट लावलं तर मान मोडते.

सगळ्यात जास्त विचारणा मात्र फुलगळीची, आणि तीही एप्रिलमध्ये. झाड तजेलदार, पानं हिरवीगार, फुलं येतात आणि सकाळी कुंडीभोवती पडलेली असतात. हा रोग नाही. पारा बत्तीस-तेहेतीसच्या वर राहिला की पराग निकामी होतात आणि शेंग धरत नाही. पुण्याच्या एप्रिलमध्ये गच्चीवरची फरशी संध्याकाळीसुद्धा पाय भाजते, तिथे फुलानं तरी काय करावं? हिरवी जाळी बांधली तर थोडा दिलासा मिळतो. पण अशा वेळी कुणीतरी मूठभर युरिया टाकायचा सल्ला देतं, त्याची मला चीड येते. नत्र जास्त झालं की झाड नुसतं पानांत माजतं. घेवड्याच्या मुळांवर गाठी असतात, पण चवळीइतकं नत्र तो स्वतः कमवत नाही, म्हणून लावताना मातीत मुरलेलं शेणखत हवं. त्यावर आणखी काही लागत नाही.

मावा ओळखायचा तर मुंग्यांकडे बघावं. खोडावरून मुंग्यांची रांग वर चढताना दिसली की ती जिथे संपते तो कोवळा शेंडा उलटून बघायचा. काळपट दाण्यांचा थर दिसतो. त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट रसासाठी मुंग्या आलेल्या असतात. सकाळी पाण्याच्या जोरदार धारेनं तो धुऊन टाकला, दोन-तीन दिवस सलग, तर बहुधा आटोक्यात येतो. नाहीच आला तर निंबोळीचा अर्क, पन्नास ग्रॅम कूट लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेला. पण फवारण्याआधी शेंडा नीट न्याहाळावा. करड्या रंगाची, पाठीवर नारिंगी ठिपके असलेली, खरखरीत दिसणारी एक अळी तिथे फिरत असते. दिसायला भीतिदायक, म्हणून लोक चिरडतात. ती ढालकिड्याची अळी असते आणि मावा खाऊनच ती वाढते.

वेल दोरीला धरत नाही, हीही तक्रार येते. घेवड्याचा वेल वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. आपण हातानं दुसरीकडे गुंडाळला की तो सुटून लोंबकळतो. चार्ल्स डार्विननं 1865 साली वेलींच्या या फिरण्यावर एक अख्खा निबंध लिहिला होता. तो वाचल्यापासून मी वेलाची दिशा बघूनच हात लावते.

माझी भाची जर्मनीत असते. मेच्या सुरुवातीला तिनं अंगणात घेवडा पेरायला घेतला, तर शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी थांबवलं. तिकडे 11 ते 15 मे हे दिवस ‘बर्फाच्या संतांचे’ मानतात, कारण तोवर रात्री हिमतुषार पडू शकतात आणि थंड जमिनीत दाणा कुजतो. फोनवर भाची म्हणाली, “मावशी, इथेही तारीखच विचारतात गं.” मला आजीच आठवली. आमचा घेवडा एप्रिलच्या उन्हाला भितो आणि तिचा मेच्या गारठ्याला. नंतर तिची रोपं छान आली, फक्त गोगलगाई रात्रीत पानं फस्त करत होत्या. ती टॉर्च घेऊन वेचत राहिली. शेंगा लागल्यावर तिला बजावलं की एक दिवसाआड तोडत जा. शेंगेत दाणे भरू दिले की झाडाची नवी फुलं कमी होतात.

यंदा मी गच्चीवर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर पेरणार आहे. अर्का कोमलचं पाकीट आणलं आहे, आणि गावाकडून आलेला वाघ्या परातीत निवडायचा बाकी आहे.